सबब आणि कारण

आपल्या मराठीत 'सबब' हा शब्द दोन कामे करतो. कोर्टाच्या निकालपत्रात 'सबब दावा काढून टाकण्यात येत आहे' असे लिहितात तेव्हा त्याचा अर्थ 'या कारणास्तव' असा असतो. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला मास्तर 'सबबी सांगू नकोस' म्हणतात तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ लटके निमित्त असा होतो. हिब्रूतल्या 'तेरुत्स' या शब्दाचीही तीच गंमत आहे. गेमाराच्या अभ्यासात अवघड शंकेचे जे समाधान काढले जाते त्याला तेरुत्स म्हणतात आणि ते काढणाऱ्याला मान मिळतो. बाजारात, बसमध्ये मात्र तेरुत्स म्हणजे निव्वळ थाप. दोन्ही भाषांत खरे कारण आणि खोटी सबब एकाच शब्दात नांदतात. यात काही शहाणपण असावे असे आम्हांस वाटते, कारण स्वतःला फसवणारा माणूस सहसा नवे खोटे रचीत बसत नाही. जवळ असलेले खरे कारणच तो थोडे ताणतो.

मित्स्वा पाळण्याची गोष्ट निघाली की आपल्या घराघरांतून जी उत्तरे ऐकू येतात ती आता पाठ झाली आहेत. कामातून वेळ मिळत नाही. पोटापाण्याचे आधी पाहावे लागते. प्रार्थना समजत नाही. मन शुद्ध असले म्हणजे झाले. आणि शेवटी, आवाज जरा चढवून, या रब्बींनी आम्हांला यहुदी तरी कुठे मानले होते? ही उत्तरे देणारे लोक कोणी परके किंवा वाईट नाहीत, आपणच आहोत. त्यांतल्या काहींत तथ्यही आहे. म्हणून ती एकदम झिडकारून टाकण्यापेक्षा हातात घेऊन पाहावीत हे बरे.

सबबींचा इतिहास तसा मनुष्यजातीइतकाच जुना. आदमाला विचारले, फळ खाल्लेस काय? त्याने बोट दाखवले ते हव्वेकडे, आणि जाता जाता ती बायको देणाऱ्या परमेश्वराकडेही. अहरोनाची गोष्ट तर आम्हांला नेहमीच नवलाची वाटते. सोने त्याने मागितले, आकार त्याने दिला, आणि मोशे रबेनूंनी जाब विचारताच त्याचे उत्तर असे की सोने विस्तवात टाकले आणि आतून वासरू निघाले. जणू वासरू आपल्या पायांनी चालत बाहेर आले! शाऊल राजाला अमालेकाचे काहीही राखून ठेवू नकोस अशी आज्ञा होती. त्याने निवडक मेंढरे आणि गुरे राखली. शमुएल नबी समोर येऊन उभे राहिले तेव्हा मागे मेंढरे ओरडत होती. शाऊलाने सांगितले की ती लोकांनी राखली, आणि तीही परमेश्वराला बळी देण्यासाठी. हा प्रकार सर्वांत अवघड, कारण येथे सबबीने धर्माचीच वस्त्रे पांघरली आहेत. चोरी उघडकीला आली तेव्हा ती नैवेद्य झाली.

परंतु या सर्वांपेक्षा विचार करायला लावतात ते मोशे रबेनू. जळत्या झुडपापाशी त्यांनी एकदा नव्हे, पाच वेळा आढेवेढे घेतले. मी कोण असा लागून गेलो? लोकांनी तुझे नाव विचारले तर काय सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? माझी जीभ जड आहे. आणि अखेरीस, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. हा संवाद नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या चारही वेळा परमेश्वराने रागावून उत्तर दिलेले नाही. मी तुझ्याबरोबर असेन असे सांगितले, नाव सांगितले, काठीची आणि हाताची खूण दिली, तोंड कोणी निर्माण केले याची आठवण दिली. अडचण म्हणून सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला उपाय मिळाला. राग आला तो पाचव्या वेळी, कारण तेव्हा अडचणी संपल्या होत्या आणि नुसती अनिच्छा उरली होती. आणि तरीही, त्या रागाच्या भरातसुद्धा, अहरोनाला सोबतीस दिलेच. म्हणजे अडचण मांडणे हे पाप नाही. अडचण मांडली की ती सोडवण्याची तयारी मात्र पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांचे दुखणे असे की कोणी अडचण सोडवून दिली तर आपण हिरमुसले होतो.

योमाच्या मसेखेतमध्ये हखामांनी एक प्रसंग रंगवला आहे. गरीब, श्रीमंत आणि वासनेच्या आहारी गेलेला असे तिघे न्यायासनापुढे येतात. तोराचा अभ्यास का केला नाही असे विचारल्यावर गरीब म्हणतो, पोटाची विवंचना होती. श्रीमंत म्हणतो, मालमत्तेचा व्याप होता. तिसरा म्हणतो, मी देखणा होतो, मोहात सापडलो. तिघांनाही एकेक माणूस दाखवला जातो.

गरिबाला दाखवतात तो हिल्लेल. दिवसभर राबून त्याला एक लहानसे नाणे मिळे. त्यातले अर्धे घरखर्चाला आणि अर्धे अभ्यासगृहाच्या दारवानाला. एके दिवशी काम मिळाले नाही आणि दारवानाने आत सोडले नाही. तो वर चढला आणि छपराच्या झरोक्यापाशी पडून शमाया आणि अवतालियोन यांचे शब्द ऐकू लागला. तेबेथच्या थंडीचे दिवस, शुक्रवारची संध्याकाळ, वरून बर्फ पडू लागले. पहाटे शमाया आपल्या सोबत्याला म्हणाले की रोज या वेळी येथे उजेड असतो, आज अंधार कसा? वर पाहिले तो झरोक्यात माणसाचा आकार. तीन हात बर्फाखालून त्याला बाहेर काढले, न्हाऊ घातले, तेल लावले आणि शेकोटीपाशी बसवले. तो दिवस शब्बाथचा होता. विस्तवाशी संबंध आला, अंघोळ आली, तेल चोळणे आले. पण ते दोघे म्हणाले की याच्यासाठी शब्बाथ मोडणे योग्यच आहे.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक बर्फापाशी थांबतात. आम्हांला तिचा पुढला भाग अधिक मोलाचा वाटतो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवणे हा आपल्याच धर्माचा नियम आहे. नियमाने सूट दिली आणि हखामांनी ती तात्काळ घेतली, चर्चा करीत बसले नाहीत. तोरा कोणाकडून अशक्य गोष्ट मागत नाही. जुलमाने, आजाराने, खऱ्या नाइलाजाने जे घडते त्याला 'ओनेस' म्हणतात, आणि त्याबद्दल माणसाला दोष लागत नाही. म्हणूनच सबबीचा प्रश्न नाजूक होतो. सूट मुळी नसतीच तर सबबही निघाली नसती.

श्रीमंताला दाखवतात ते रब्बी एलाझार बेन हर्सोम. वडिलांनी त्यांना एक हजार गावे आणि एक हजार गलबते ठेवली होती. ते मात्र खांद्यावर पिठाची पिशवी टाकून गावोगाव अभ्यासाला हिंडत. एकदा त्यांच्याच चाकरांनी त्यांना न ओळखता वेठीला धरले. मला सोडा, अभ्यासाला जायचे आहे, अशी विनवणी केली तर चाकरांनी शपथ घेतली ती रब्बी एलाझार बेन हर्सोम यांच्याच जिवाची, की तुला सोडणार नाही! तिसऱ्याला दाखवतात तो योसेफ, पोटीफाराच्या घरातला. त्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे.

आता आपल्या घराकडे वळू.

कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. हे नाव आपण अभिमानाने सांगतो, पण त्याचा अर्थ पुरा ध्यानात घेत नाही. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते त्यांच्या एका न करण्यावरून. आठवड्यातील एक दिवस घाणा फिरत नसे. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले तेव्हा पोथ्यापुस्तके सगळी बुडाली. त्यांच्याजवळ तोराची गुंडाळी नव्हती, हखाम नव्हता, यरुशलेमकडून पत्र येत नव्हते. शमाचे शब्द राहिले, आठव्या दिवसाची सुंता राहिली, काय खावे आणि काय न खावे हे राहिले, आणि शनिवार राहिला. मित्स्वा सोडण्याला ज्यांच्यापाशी खरी कारणे ढीगभर होती त्यांनी जेवढे हाती होते तेवढे धरले. जे ठाऊकच नव्हते त्याबद्दल त्यांना कोण दोष देईल?

पण या गोष्टीवरून आजच्या पिढीला नुसते झोडपणे बरोबर होणार नाही. घाणा स्वतःचा होता आणि बैलही स्वतःचा. तो सोडायचा की जुंपायचा हे घरधन्याच्या हातात होते. पुढे आपले लोक मुंबईला आले, पलटणीत शिरले, सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, गिरण्यांत लागले. तेथे शनिवार कामाचा दिवस, आणि साहेबापुढे कारकुनाचे काय चालणार? पुष्कळांना शब्बाथ सोडून कचेरी गाठावी लागे. ज्यांची पाच-सहा माणसे एका पगारावर जगत होती त्यांना आज आरामात बसून नावे ठेवणे आम्हांस शोभणार नाही. मात्र त्याच पलटणीतल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभारले हेही तितकेच खरे. पलटणीची नोकरी ही त्यांनाही सबब म्हणून पुरली असती.

येथे इस्राएलात आल्यावर गंमत अशी झाली की अडचणच उलटी झाली. शनिवारची सुट्टी १९५१ च्या कायद्याने मिळते. सण कॅलेंडरात छापलेले असतात. किप्पूरला रस्ते आपोआप ओस पडतात. मुंबईत शब्बाथ पाळायचा तर काही तरी मोजावे लागे. येथे तो सरकार आपल्यासाठी पाळते, असे आपल्याला वाटू लागले आहे. दुकान बंद, बस बंद, म्हणून शब्बाथ झाला. दरफाळणीच्या सणाला आपले पूर्वज स्वतः दार लावून घेत. येथे सगळ्या गावाचेच दार बंद असते, तेव्हा आपण आपले लावले की नाही हे कोण पाहतो?

अर्थात पाळीच्या कामाचा प्रश्न येथेही आहे. दक्षिणेकडच्या वसाहतींत आलेल्या आपल्या लोकांना जे काम मिळाले ते त्यांनी केले, आणि परवानगी घेऊन शनिवारीही चालणारे कारखाने येथे आहेत. रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या भगिनींना तर शब्बाथला रोग्याची सेवा करणे हेच कर्तव्य आहे. त्यांनी मनाला लावून घेण्याचे काही कारण नाही. पण एक पाहावे. पाळी आठ तासांची असते. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावण्याला, किद्दुशला, घरी आल्यावर मुलांना जवळ घेऊन आशीर्वाद देण्याला ती आड येत नाही. खऱ्या कारणाला माप असते. ते जेवढे अडवते तेवढेच अडवते. सबबीला माप नसते. शनिवारच्या पाळीवरून निघालेली सबब बुधवारच्या तेफिल्लीनपर्यंत जाऊन पोचते, आणि पुढे स्वयंपाकघरात काशेरची भांडी वेगळी ठेवण्यापर्यंत. कोणाची सबब खरी आणि कोणाची खोटी हे दुसऱ्याने ठरवू नये. पण आपली सबब अंगापेक्षा मोठी शिवलेली आहे का, हे ज्याचे त्याला सहज मोजता येते.

प्रार्थना समजत नाही या सबबीबद्दल फार लिहीत नाही. हिच्यावरचे औषध आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनीच करून ठेवले आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, आणि आपली मुले मिशनच्या शाळांतून हिब्रू शिकली. शिकली आणि यहुदीच राहिली, हे आम्ही मुद्दाम सांगतो. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापल्या गेल्या. मोशेची आणि योसेफाची आख्याने मराठी कीर्तनांतून लोकांना ऐकवली गेली. आता या सबबीचे एक विनोदी रूप घरोघर दिसते. आजोबा म्हणतात, मला हिब्रू समजत नाही म्हणून मी सिद्दूर उघडत नाही. नातू म्हणतो, मला सगळे समजते म्हणून मला कंटाळा येतो. दोघे मिळून टेलिव्हिजन पाहतात.

मन शुद्ध असले म्हणजे झाले, ही सबब सर्वांत गोड. तिला आपण कधी कधी मलिद्याची जोड देतो. घरात काही शुभ झाले, नवस फेडायचा असला, की एलियाहू हनबींच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळांचे ताट मांडायचे, आणि वर्षभराचा धर्म झाला असे समजायचे. आम्हांला मलिदा प्रिय आहे. पुस्तकात सापडत नाही म्हणून तो टाकून द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूचे आम्ही नाही. पण कोणाचेही मन शुद्ध आहे हे ठरवायचे कशावरून? आईवर माझे फार प्रेम आहे, फक्त तिला भेटायला जात नाही, असे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात प्रेम नाही असे आम्ही म्हणत नाही. आई मात्र खिडकीत बसलेली असते.

आता ती शेवटची, आवाज चढवून सांगितली जाणारी गोष्ट. १९६२ साली विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शनिवार तेल्यांच्या नातवंडांना, तुमची आजी यहुदी होती कशावरून, असे विचारले गेले. ज्या घरांतील लग्ने अडली त्या घरांना ते दुःख काय होते हे विचारावे. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमात धरणे धरून बसले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. ती जखम खरी होती. तिचा व्रण अजून आहे, आणि तो विसरून जा असे सांगण्याचा अधिकार आम्ही कोणालाही देणार नाही.

परंतु धरणे धरणारे काय मागत होते ते आठवावे. आम्हांला तोराच्या बाहेर राहू द्या अशी त्यांची मागणी नव्हती. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, हुप्पाखाली, इतर यहुद्यांसारखे आमचे लग्न लावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आम्ही आत आहोत, आम्हांला बाहेर काढू नका. त्या धरण्याचा दाखला देऊन आज कोणी शब्बाथच्या सकाळी निवांत मोटार धुवायला काढतो, तेव्हा त्याने त्या लोकांची बाजू घेतली असे आम्हांला वाटत नाही. रब्बींच्या सूचना काय म्हणत होत्या? यांचे यहुदीपण संशयास्पद आहे. आणि आपण रुसून काय करतो? आणखी, रब्बींशी भांडण आहे हे कारण मानले तरी त्याचेही माप घ्यावे. त्याने विवाह-कचेरीशी अबोला धरता येईल. घरच्या मेणबत्तीने, टेबलावरच्या भाकरीने काय केले होते?

वाचकहो, बमिदबार या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात काही माणसांचा उल्लेख आहे. त्यांची नावे दिलेली नाहीत. मिसरमधून निघून एक वर्ष झाले होते आणि सीनायच्या रानात पेसाहचा बळी द्यायचा दिवस आला. ही माणसे प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध होती, म्हणून त्यांना बळी देता येत नव्हता. त्यांची सूट पक्की होती. कोणी त्यांना विचारणार नव्हते, कोणी दोष देणार नव्हते. घरी स्वस्थ बसायला याहून चांगले कारण कोणाला मिळाले असते? पण ती उठली आणि त्याच दिवशी मोशे व अहरोन यांच्यापुढे येऊन उभी राहिली. इतर इस्राएलांबरोबर आम्ही का वंचित राहावे, असा त्यांचा प्रश्न होता. सूट मिळाल्याचे त्यांना दुःख झाले होते.

मोशे रबेनूंपाशी उत्तर नव्हते. थांबा, परमेश्वर काय आज्ञा देतो ते ऐकतो, असे ते म्हणाले. आणि आज्ञा अशी आली की जो अशुद्ध असेल किंवा दूरच्या प्रवासात असेल त्याने एक महिन्याने, इय्यारच्या चौदाव्या दिवशी, पेसाह करावा. तोरातील एक नियम असा या निनावी माणसांच्या तक्रारीवरून मिळाला. त्याच ठिकाणी लगेच पुढे दुसरी ओळ आहे : जो शुद्ध आहे, प्रवासातही नाही, आणि तरी पेसाह चुकवतो, त्याचा दोष त्याच्या माथी. दोघांनीही पेसाह चुकवला, पण एकाला दुसरी तारीख मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही.

ती माणसे कोण असावीत याबद्दल हखामांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, नादाब आणि अबिहू यांची प्रेते उचलणारे मिशाएल आणि एल्साफान. कोणी म्हणतात, बेवारशी प्रेताला मूठमाती देणारे लोक. रब्बी योसे हगलिली यांचे मत असे की ते योसेफाची पेटी वाहणारे होते. मरताना योसेफाने आपल्या भावांकडून शपथ घेतली होती की येथून जाल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या, आणि इस्राएलांनी ती शपथ राखली होती. म्हणजे एक मित्स्वा पाळतानाच त्यांचा दुसरा हुकला. मोशेपुढे ते उभे राहिले तेव्हा पेटी छावणीत ठेवलेली असणार, आणि शखेमला पोचून ती मातीत ठेवण्याला अजून एकोणचाळीस वर्षांहून अधिक काळ जायचा होता.